एका परिच्छेदाने पडलेले सरकार: आंतोनियो कॉस्ता यांचा राजीनामा आणि ब्रुसेल्सची वाट

७ नोव्हेंबर २०२३ च्या सकाळी लिस्बनमध्ये पोर्तुगालच्या पंतप्रधानांच्या साओ बेंतो येथील अधिकृत निवासस्थानी झडती सुरू झाली. त्याच दिवशी दुपारी पंतप्रधान आंतोनियो कॉस्ता यांनी राजीनामा जाहीर केला. त्यांच्यावर आरोपपत्र नव्हते आणि त्यांना औपचारिक संशयितही ठरवलेले नव्हते. २३० जणांच्या संसदेत त्यांच्या समाजवादी पक्षाकडे १२० जागा होत्या. पुढे तेरा महिने पुरे व्हायच्या आत हेच कॉस्ता युरोपीय परिषदेचे, म्हणजे युरोपीय संघातल्या देशांच्या नेत्यांच्या मंडळाचे, अध्यक्ष झाले.

या प्रकरणात मला महत्त्वाचा वाटतो तो मधला टप्पा. त्या एका दिवशी कोणी काय ठरवले, त्याआधी काय ठरवायचे राहून गेले आणि त्याची किंमत कोणी मोजली, हे इथे क्रमाने मांडले आहे. तपासात ज्यांची नावे आली पण ज्यांच्यावर गुन्हा सिद्ध झालेला नाही अशा सहाय्यकांचा आणि व्यावसायिकांचा उल्लेख मी फक्त त्यांच्या पदाने किंवा कामाने करणार आहे.

पार्श्वभूमी

कॉस्ता यांचा जन्म १७ जुलै १९६१ चा, लिस्बनचा. त्यानंतर पाच महिन्यांनी गोवा पोर्तुगीज राजवटीतून मुक्त झाला. वडील ओर्लांदो द कॉस्ता हे लेखक आणि कम्युनिस्ट. त्यांचे बालपण मडगावात गेले आणि सालाझारच्या राजवटीत त्यांनी तुरुंगवास भोगला. आई मारिया आंतोनिया पाला या पत्रकार आणि स्त्रीहक्कांसाठी लढणाऱ्या. मडगावच्या आबाद फारिया रस्त्यावर कुटुंबाचे घर आहे आणि घरचे लोक आंतोनियोंना बाबुश म्हणतात. गोव्याच्या वर्तमानपत्रांना हे नाव इतके जवळचे की लिस्बनमधली प्रत्येक निवडणूक तिथे घरच्या बातमीसारखी छापली जाते.

राजकारणात ते चौदाव्या वर्षी, समाजवादी पक्षाच्या युवक संघटनेतून आले. शिक्षण कायद्याचे. १९९३ मध्ये लिस्बनच्या उत्तरेला असलेल्या लोरेस नगरपालिकेसाठी ते उभे राहिले, तेव्हाचा एक प्रसंग पोर्तुगालमध्ये अजून सांगतात. लोरेसहून लिस्बनकडे येणारा काल्सादा द कारिश हा रस्ता सकाळी गाड्यांनी तुंबलेला असे. कॉस्तांनी तिथे ऐन गर्दीच्या वेळी एक गाढव आणि एक फेरारी यांची शर्यत लावली. गाढव जिंकले. निवडणूक मात्र कॉस्ता हरले. तरीही लोकांच्या रोजच्या त्रासावर नेमके बोट ठेवण्याची हातोटी तेव्हाच दिसली होती.

पुढची पदे भराभर आली. आंतोनियो गुतेरेस यांच्या सरकारात संसदीय कामकाज मंत्री आणि १९९९ पासून न्यायमंत्री. २००४ मध्ये युरोपीय संसदेवर निवड आणि तिथले उपाध्यक्षपद. २००५ ला मायदेशी परतून अंतर्गत प्रशासन खाते, म्हणजे आपल्याकडचे गृहखाते. २००७ ते २०१५ लिस्बनचे महापौरपद. राष्ट्रीय आणि युरोपीय अशी दोन्ही दालने त्यांनी पंतप्रधान होण्याआधीच पाहिली होती, हे पुढच्या घडामोडींसाठी लक्षात ठेवायला हवे.

पंतप्रधानपद मात्र सरळ मिळाले नाही. ४ ऑक्टोबर २०१५ च्या निवडणुकीत त्यांचा पक्ष ८६ जागांवर थांबला. पेद्रो पासोस कोएल्यो यांच्या उजव्या आघाडीला १०७ जागा मिळाल्या आणि सरकारही त्यांचेच बनले. कॉस्तांनी तेव्हा पोर्तुगीज लोकशाहीत कधी झाले नव्हते ते केले. डावा गट, कम्युनिस्ट आणि हरित पक्ष यांना एका टेबलावर बसवण्याच्या भानगडीत न पडता त्यांनी प्रत्येकाशी वेगळा करार केला. १० नोव्हेंबरला संसदेने १२३ विरुद्ध १०७ मतांनी पासोस कोएल्यो यांचे सरकार पाडले आणि २६ नोव्हेंबरला कॉस्तांचा शपथविधी झाला. हे कडबोळे सहा महिने टिकणार नाही असे विरोधक म्हणत होते. ते चार वर्षांची पूर्ण मुदत टिकले आणि २०१९ मध्ये अर्थसंकल्पात शिल्लक दाखवून गेले. १९७४ नंतरच्या लोकशाहीतली ती पहिली शिल्लक.

२०१७ च्या वणव्यांत शंभरावर माणसे गेली, ती जखम त्या सरकारवर कायम राहिली. ऑक्टोबर २०२१ मध्ये डाव्या मित्रांनीच अर्थसंकल्प फेटाळला आणि मुदतपूर्व निवडणूक लागली. ३० जानेवारी २०२२ ला कॉस्तांना, कोणाच्या ध्यानीमनी नसताना, स्पष्ट बहुमत मिळाले.

अडचण कुठून सुरू झाली

माझ्या मते अडचणीची सुरुवात या बहुमतातच आहे. कॉस्तांची सगळी ताकद वाटाघाटीत होती. मित्रपक्षांना सांभाळायचे असले की मंत्री निवडताना, फाइल पुढे सरकवताना, कोणाला जवळ ठेवायचे हे ठरवताना दहा डोळे तुमच्यावर असतात. २०२२ नंतर ते डोळे गेले.

पहिल्या वर्षातच मंत्री आणि राज्यमंत्री एकामागून एक गळू लागले. सरकारी मालकीच्या टॅप विमान कंपनीतून बाहेर पडताना एका संचालिकेला पाच लाख युरोंची भरपाई मिळाली होती आणि नंतर त्याच बाई अर्थखात्यात राज्यमंत्री झाल्या. हे बाहेर आल्यावर डिसेंबर २०२२ मध्ये पायाभूत सुविधा मंत्री पेद्रो नूनो सांतोस यांना जावे लागले. त्यांच्या जागी आले जुआंव गालांबा.

एप्रिल २०२३ मध्ये गालांबांनी काढून टाकलेल्या एका सल्लागाराने मंत्रालयातला लॅपटॉप घरी नेला. त्यात गोपनीय कागद होते. तो परत आणायला गुप्तचर खात्याची माणसे गेली. प्रकरण चिघळले आणि २ मे रोजी गालांबांनी राजीनामा देऊ केला. राष्ट्राध्यक्ष मार्सेलो रेबेलो द सौझा यांचीही तीच इच्छा होती. कॉस्तांनी राजीनामा नाकारला. राष्ट्राध्यक्षांनी आपली नाराजी लेखी कळवली आणि दोन दिवसांनी दूरचित्रवाणीवरून देशालाही सांगितली.

दुसरी नेमणूक याच्याही आधीची. पंतप्रधान कार्यालयाचे प्रमुख २०१७ पर्यंत कॉस्तांचे सल्लागार होते. युरो २०१६ फुटबॉल स्पर्धेच्या सामन्यांना एका तेल कंपनीच्या पाहुणचारावर जाण्याच्या वादात त्यांनी ते पद सोडले होते. २०२० मध्ये कॉस्तांनी त्यांना परत आणले, तेही थेट कार्यालयप्रमुख म्हणून. सामन्याची तिकिटे ही मोठी गोष्ट नव्हे. पण देशातल्या सर्वात संवेदनशील खुर्चीवर बसवायला दुसरा माणूस नव्हता का, हा प्रश्न तेव्हाच विचारायला हवा होता.

७ नोव्हेंबर

तपास तीन प्रकल्पांचा होता. उत्तरेकडच्या बारोसो भागातल्या लिथियम खाणी, सीनेश बंदरातला हायड्रोजन प्रकल्प आणि तिथलेच प्रचंड डेटा सेंटर. तिन्ही प्रकल्प हरित आणि डिजिटल गुंतवणुकीचे, म्हणजे सरकारच्या अभिमानाचे. परवानग्या लवकर मिळाव्यात म्हणून वजन वापरले गेले असा संशय होता. त्या दिवशी पाच जणांना ताब्यात घेतले: पंतप्रधानांचे कार्यालयप्रमुख, पंतप्रधानांचा निकटचा मित्र असलेला एक सल्लागार, सीनेशचे नगराध्यक्ष आणि डेटा सेंटर कंपनीचे दोन अधिकारी. गालांबा औपचारिक संशयित ठरले.

कॉस्ता सकाळीच बेलें राजवाड्यात राष्ट्राध्यक्षांना भेटले. राष्ट्राध्यक्षांनी ॲटर्नी जनरल, म्हणजे तिथल्या स्वायत्त तपास-अभियोग यंत्रणेच्या प्रमुख, लुसिलिया गागो यांनाही बोलावून घेतले. मग ॲटर्नी जनरलच्या कार्यालयाचे प्रसिद्धीपत्रक आले. त्याच्या शेवटच्या परिच्छेदात म्हटले होते की काही संशयितांनी पंतप्रधानांचे नाव आणि अधिकार वापरल्याचे, तसेच अडलेली कामे मार्गी लावण्यात पंतप्रधानांनी भाग घेतल्याचे तपासात समोर आले आहे आणि याची छाननी सर्वोच्च न्यायालयाच्या कक्षेत वेगळी होईल. पंतप्रधान पदावर असेपर्यंत त्यांची चौकशी त्याच न्यायालयाच्या अखत्यारीत येते, म्हणून हे स्वतंत्र प्रकरण.

परिच्छेदात आरोप नव्हता. आरोप नाही असेही म्हटलेले नव्हते.

समोर कोणते पर्याय होते

कॉस्तांपुढे मला चार वाटा दिसतात.

पहिली, पदावर राहून लढणे. बहुमत हातात होते आणि राजीनामा द्यायला कायदा भाग पाडत नव्हता. पण न्यायमंत्री राहिलेला माणूस पंतप्रधानपदावरून तपासयंत्रणेशी झुंजतोय, हे चित्र स्वतः कॉस्तांनाच पटणारे नव्हते. शिवाय झडती त्यांच्याच निवासस्थानी झाली होती, कार्यालयप्रमुख अटकेत होता.

दुसरी, स्वतः बाजूला होऊन पक्षातून दुसरा पंतप्रधान देणे. पुढच्या दोन दिवसांत कॉस्तांनी हाच प्रयत्न केला. त्यांनी सुचवलेले नाव मारियो सेंतेनो यांचे होते. ते एकेकाळचे अर्थमंत्री, युरोगटाचे (युरो चलन वापरणाऱ्या देशांच्या अर्थमंत्र्यांच्या गटाचे) माजी अध्यक्ष आणि तेव्हा मध्यवर्ती बँकेचे गव्हर्नर.

तिसरी, थोडे थांबणे. आठवडाभर. न्यायाधीशापुढे अटकेतले लोक उभे राहतील, तिथे काय टिकते ते पाहायचे आणि मग ठरवायचे. हा पर्याय कोणी फारसा बोलून दाखवला नाही. मागे वळून पाहताना मात्र तोच डोळ्यांत भरतो.

चौथी, तत्काळ आणि पूर्णपणे जाणे.

काय केले

कॉस्ता पुन्हा बेलेंला जाऊन आले आणि दुपारी साओ बेंतोतून देशाशी बोलले. पंतप्रधानपदाची प्रतिष्ठा आणि आपल्या सचोटीबद्दलचा संशय या दोन गोष्टी एकत्र नांदू शकत नाहीत, आपण कोणतेही बेकायदा कृत्य केलेले नाही आणि पुन्हा या पदासाठी उभे राहणार नाही, हा त्यांच्या बोलण्याचा आशय. राजीनामा देताना त्यांनी परतीचे दोरही कापून टाकले.

झडतीत कार्यालयप्रमुखांच्या खोलीत लिफाफ्यांमधून ७५,८०० युरो रोख मिळाले होते. पुस्तकांमध्ये आणि वाइनच्या खोक्यांत ठेवलेले. ही बातमी फुटल्यावर राजीनाम्याचे समर्थन करायला कोणालाच फार शब्द लागले नाहीत. ११ नोव्हेंबरला कॉस्तांनी त्याबद्दल जाहीर माफी मागितली आणि लाज वाटते असे म्हटले.

निर्णयाचा पुढचा भाग त्यांच्या हातात नव्हता. ९ नोव्हेंबरला राष्ट्राध्यक्षांनी राज्य परिषद, म्हणजे त्यांना सल्ला देणारे मंडळ, बोलावली. संसद विसर्जित करावी की नाही यावर तिथे मते समसमान पडली. मार्सेलो यांनी सेंतेनो यांचे नाव बाजूला ठेवले आणि १० मार्च २०२४ ही निवडणुकीची तारीख दिली. मार्च २०२२ च्या शपथविधीतच त्यांनी बजावले होते की लोकांनी मत एका चेहऱ्याला दिले आहे आणि तो चेहरा मध्येच निघून गेला तर त्याच्या जागी सहज दुसरा बसवता येणार नाही. तेव्हा कॉस्ता युरोपात जातील अशी कुजबुज होती आणि इशारा त्यासाठी होता. तो लागू झाला भलत्याच कारणासाठी. सरकारचा कारभार लगेच न संपवता २०२४ चा अर्थसंकल्प २९ नोव्हेंबरला मंजूर होऊ दिला, ही मात्र राष्ट्राध्यक्षांची शहाणी खेळी होती. पगार, निवृत्तिवेतन, करसवलती वाऱ्यावर सुटल्या नाहीत.

परिणाम

तपासाची इमारत लवकर हलू लागली. राजीनाम्याला आठवडाही झाला नव्हता तोच एका दूरध्वनी संभाषणाच्या नोंदीत गफलत असल्याचे बाहेर आले. बोलणारे अर्थव्यवस्था मंत्री आंतोनियो कॉस्ता सिल्वा यांच्याविषयी बोलत होते आणि नोंदीत आंतोनियो कॉस्ता एवढेच नाव आले होते. १३ नोव्हेंबरला न्यायाधीशांनी पाचही जणांना सोडले. भ्रष्टाचाराचा संशय उचलून धरला नाही, उरला तो वजन वापरल्याचा. त्याच दिवशी गालांबांनी पद सोडले. १७ एप्रिल २०२४ ला लिस्बनच्या अपील न्यायालयाने सांगितले की मांडलेल्या गोष्टींतून गुन्हा दिसत नाही.

तोवर राज्य बदलले होते. १० मार्चच्या निवडणुकीत उजव्या आघाडीला ८० आणि समाजवाद्यांना ७८ जागा मिळाल्या. कडव्या उजव्या शेगा पक्षाची उडी १२ वरून ५० वर गेली. २ एप्रिलला लुईस मोंतेनेग्रो पंतप्रधान झाले. मे २०२५ ची निवडणूक तर आणखी वाईट. शेगा ६० आणि समाजवादी ५८, म्हणजे पोर्तुगीज लोकशाहीचा एक संस्थापक पक्ष जागांच्या हिशेबात तिसऱ्या स्थानी. हे सगळे एका परिच्छेदामुळे झाले असे म्हणणे खोटे ठरेल. घरभाडी, रुग्णालयांतल्या रांगा, स्थलांतरितांवरचा राग हे सगळे आधीपासून साचत होते. पण त्याचा हिशेब मुदतीपूर्वी दोन वर्षे मांडला गेला, तोही भ्रष्टाचाराच्या सावटाखाली. मारक ठरली ती ही वेळ.

सरकारी तिजोरीची तब्येत त्या वेळी चांगली होती, हे नमूद करायला हवे. २०१५ मध्ये सकल देशांतर्गत उत्पादनाच्या सुमारे १३० टक्के असलेले सरकारी कर्ज २०२३ च्या अखेरीस शंभर टक्क्यांच्या खाली आले होते. इतकी बळकट तिजोरी मागे ठेवून पडलेली सरकारे थोडी.

कॉस्ता स्वतः मात्र सावरले. २४ मे २०२४ ला त्यांच्याच विनंतीवरून त्यांचा जबाब घेतला गेला आणि संशयित न ठरता ते बाहेर आले. ९ जूनच्या युरोपीय निवडणुकीनंतर पदांची वाटणी सुरू झाली. संघाचा कारभार चालवणारा युरोपीय आयोग मध्यम-उजव्यांकडे, परिषद समाजवाद्यांकडे असे गणित होते. परिषदेच्या अध्यक्षपदासाठी युरोपीय संसदेचे मतदान लागत नाही, २७ देशांच्या नेत्यांचे पात्र बहुमत (साध्या बहुमतापेक्षा मोठे, पण एकमत नव्हे) पुरते. १७ जूनच्या भोजनबैठकीत काम अडले. अडीच वर्षांनी पद आपल्याकडे यावे अशी उजव्यांची मागणी होती आणि पोलंडच्या डोनाल्ड टुस्क यांना कॉस्तांच्या कायदेशीर स्थितीबद्दल स्पष्टता हवी होती. २७ जूनला निवड झाली. इटलीच्या जॉर्जिया मेलोनी यांनी विरोधात मत दिले. पोर्तुगालच्या उजव्या पंतप्रधानांनी, म्हणजे ज्यांचा पक्ष आठ वर्षे कॉस्तांशी लढला त्यांनी, पहिल्यापासून पाठिंबा दिला. आपल्या माणसाला बाहेर मोठे पद मिळत असेल तर घरातले भांडण घरात ठेवायचे, हे मोंतेनेग्रो यांनी पाळले आणि त्याचे श्रेय त्यांना द्यायलाच हवे.

१ डिसेंबर २०२४ ला पदभार घेतल्यावर कॉस्ता पहिल्याच दिवशी कीव्हला पोहोचले. जानेवारी २०२६ मध्ये युरोपीय आयोगाच्या अध्यक्ष उर्सुला फॉन डेर लायन यांच्यासह ते दिल्लीत प्रजासत्ताक दिनाचे प्रमुख पाहुणे होते. मडगावात त्या दिवशी दूरचित्रवाणीकडे वेगळ्या नजरेने पाहिले गेले असणार.

वेगळे काय करता आले असते

राजीनामा द्यायला नको होता असे मला वाटत नाही. कार्यालयातून रोख रक्कम निघाल्यावर तो चार दिवसांनी द्यावाच लागला असता आणि तेव्हा तो काढून घेतल्यासारखा दिसला असता. लगेच गेल्यामुळे कॉस्तांचा शब्द शाबूत राहिला आणि ब्रुसेल्सचा दरवाजा उघडा राहिला तो त्यामुळेच. पदाला चिकटून राहिलेल्या कॉस्तांना २६ देशांच्या नेत्यांनी जवळ केले असते का, याबद्दल मला दाट शंका आहे. मात्र हा लाभ व्यक्तीचा. पक्ष आणि देश यांनी त्याची किंमत भरली, आणि पुन्हा कधीच उभा राहणार नाही ही घोषणा त्याच दिवशी करण्याची गरज नव्हती. तिने वाटाघाटीतला पक्षाचा सगळा जोर एका वाक्यात संपवला. ती घोषणा न करता राजीनामा दिला असता, तर सेंतेनो यांच्या नावावर राष्ट्राध्यक्षांशी बोलायला हातात काहीतरी उरले असते.

खरी चूक मे महिन्यातली. गालांबांना तेव्हा जाऊ दिले असते तर दोन गोष्टी साधल्या असत्या. नोव्हेंबरमध्ये संशयित ठरलेला मंत्री मंत्रिमंडळात बसलेला नसता आणि राष्ट्राध्यक्षांशी संबंध बिघडलेले नसते. मार्सेलो आणि कॉस्ता यांची जुनी ओळख. मार्सेलो कायद्याच्या वर्गात कॉस्तांचे प्राध्यापक होते. ज्याने तुमचे म्हणणे सहा महिन्यांपूर्वी उघडपणे फेटाळले, त्याच्यासाठी राज्य परिषदेतल्या समसमान मतांच्या वेळी आपले वजन का टाकायचे? मार्सेलो यांनी असे कधी म्हटले नाही, हा माझा अंदाज आहे. पण समसमान मते पडल्यावर दोन्ही वाटा घटनेनुसार खुल्या होत्या, हे खरे.

कार्यालयप्रमुखाच्या नेमणुकीबद्दल वर लिहिलेच आहे.

राहिला तो परिच्छेद. तो लिहिला नसता तर नंतर पंतप्रधानांचे नाव दडवले असा आरोप झाला असता, हे मान्य. पण लिहायचाच होता तर काय तपासले जात आहे, कोणत्या टप्प्यावर आहे आणि पंतप्रधान तूर्त संशयित नाहीत, ही तीन वाक्ये त्यात हवी होती. स्वायत्त तपासयंत्रणा ही पोर्तुगीज लोकशाहीची मोठी कमाई आहे. न्यायमंत्री म्हणून कॉस्तांनी ती जवळून पाहिली होती आणि राजीनाम्यानंतरही त्यांनी न्याययंत्रणेवर हल्ला चढवला नाही. त्या स्वायत्ततेसोबत वेळेचे बंधन मात्र नव्हते. सरकार त्याच दिवशी पडले आणि माजी पंतप्रधानांचा साधा जबाब नोंदवायला साडेसहा महिने लागले, तोही त्यांनीच मागितल्यावर. जुलै २०२४ मध्ये लुसिलिया गागो यांनी मुलाखतीत राजीनाम्याची जबाबदारी आपल्यावर येत नाही अशी भूमिका घेतली. ऑक्टोबरमध्ये त्यांची मुदत संपली आणि त्या जागी आमादेउ गेरा आले. कॉस्तांनी डिसेंबरमध्ये ब्रुसेल्सची खुर्ची घेतली तेव्हाही तो तपास बंद झालेला नव्हता.